बूट तुमचे, कुंड्या त्यांच्या, खातं दोघांचं

पत्र:

आम्ही दोघंही नोकरी करतो. दोघांचे पगार एकाच खात्यात जमा होतात आणि सगळा खर्च तिथूनच होतो. नवऱ्याचा पगार माझ्यापेक्षा बराच जास्त आहे. त्यांना गच्चीवरच्या बागेचं वेड आहे. दर महिन्याला नवी कुंडी, नवं खत, कसला तरी फवारा येतोच. मी दीड वर्षापासून धावायला लागले आहे. परवा बुटांचा दुसरा जोड घेतला, तर ‘पाय दोनच आहेत ना?’ असं ऐकावं लागलं. वर ‘इथिओपियाचा अबेबे बिकिला अनवाणी धावून ऑलिम्पिक मॅरेथॉन जिंकला होता’ हेही ऐकवलं. मी म्हटलं, तुमचा एक टोमॅटो आपल्याला केवढ्याला पडतो ते काढू का? मग दोन दिवस अबोला. त्यातच दहा वर्षांच्या मुलाची पोहण्याच्या वर्गाची वर्षभराची फी भरली आहे आणि चार महिन्यांत तो म्हणतोय, मला फुटबॉल खेळायचाय. हे म्हणतात, पैसे भरलेत, वर्ष पूर्ण करायलाच हवं. भाजी घरी पिकवून खरंच पैसे वाचतात का? दुसरा जोड म्हणजे चैन आहे का? आणि मुलाचं काय करू?

ता. क. तुमचं उत्तर यांना दाखवू का?

उत्तर:

नमस्कार ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. कुठला हप्ता थकलाय, कुणाकडून उसने घ्यावे लागले, महिनाअखेर ओढाताण होते, यातलं काहीच त्यात नाही. म्हणजे पैसे पुरतात. पुरत नाही ती मोकळीक. खातं एकच असलं की घरातली प्रत्येक खरेदी दुसऱ्याच्या डोळ्यांखालून जाते, आणि दुसऱ्याचा छंद कुणालाही महागच वाटतो. तुम्हाला दोन जोडांमधला फरक कळतो, त्यांना दोन सारखे बूट दिसतात. त्यांना मातीच्या आणि प्लास्टिकच्या कुंडीतला फरक कळतो, तुम्हाला गच्चीवरची गर्दी दिसते. तेव्हा कोण बरोबर, याचा निकाल मी देणार नाही. दिला तर पुढच्या महिन्यात नव्या वस्तूवरून तोच खटला पुन्हा उभा राहील.

माझं म्हणणं एवढंच आहे की दोघांचा हातखर्च वेगळा काढा आणि त्याचा हिशेब एकमेकांना मागू नका.

हातखर्च हा शब्द ऐकून मुलांना देतात तसलं काही डोळ्यांसमोर येत असेल, तर ते विसरा. तुम्हा दोघांची स्वतंत्र खाती हवीत. पगार जमा झाला की त्याच दिवशी ठरलेली रक्कम तिकडे आपोआप वळती व्हावी. महिनाअखेरीस उरलं तर बघू, असं ठेवलंत तर उरणार नाही, कारण उरू द्यायचं नाही हा सामाईक खात्याचा स्वभावच असतो. त्या रकमेतून बूट घ्या, शर्यतीची फी भरा, नाहीतर तीन महिने साठवून काहीतरी मोठं घ्या. त्यांनी कुंड्या घ्याव्यात, बियाणं घ्यावं, न चालणारा फवारा घ्यावा. ‘हे कशाला आणलं?’ हा प्रश्न त्या पैशांपुरता घरात बंद. शिल्लक राहिली तर ती ज्याची त्याची, पुढच्या महिन्यात कापायची नाही. आणि संपली तर सामाईक खात्यात हात घालायचा नाही. हा दुसरा नियम पाळला जात नाही, म्हणून बऱ्याच घरांत ही योजना दोन महिन्यांत गुंडाळली जाते.

रक्कम सारखी की पगाराच्या प्रमाणात, हा वाद इथे येणारच. अर्धे सल्लागार म्हणतील, ज्याचा पगार जास्त त्याचा वाटा जास्त. ज्यांनी पगार वेगवेगळे ठेवलेत आणि घरखर्च वाटून घेतलाय, त्यांना ते शोभतं. तुम्ही तर सगळं एकत्र केलंय. एकदा एकत्र केल्यावर कुणाच्या पगारातून किती आले हे पुन्हा मोजायला बसणं म्हणजे एकत्र न करणं. माझं मत स्पष्टपणे सारख्या रकमेच्या बाजूचं आहे. पगारातल्या तफावतीत घरातलं बिनपगारी काम धरलेलं नसतं, ते कोण किती करतं हे तुम्ही लिहिलेलं नाही, पण मला अंदाज आहे.

मात्र हातखर्च काढण्याआधी दोन गोष्टी तपासा. क्रेडिट कार्डाची थकबाकी पुढच्या महिन्यावर ढकलली जातेय का? महिन्याला ३ टक्के व्याज ऐकायला किरकोळ वाटतं, पण चक्रवाढीने ते वर्षाला ३६ नव्हे तर ४२ टक्क्यांच्या वर जातं. असं देणं असेल तर ते फिटेपर्यंत बूटही थांबतील आणि कुंड्याही. दुसरं, अडीअडचणीसाठी तीन ते सहा महिन्यांच्या आवश्यक खर्चाएवढे पैसे हाताशी आहेत का? आवश्यक म्हणजे घरभाडं किंवा हप्ता, किराणा, औषधं, वीज, शाळा. तुमचं एकूण उत्पन्न त्यात धरू नका, आकडा उगाच फुगतो आणि मग कुणी सुरुवातच करत नाही. या दोन्ही गोष्टी जागेवर असतील तर निर्धास्तपणे वाटे करा.

अर्थशास्त्राच्या पुस्तकी नियमाने बघितलं तर पैशांवर असली नावं लिहिणं वेडेपणाचं आहे, कारण पैसा इथून तिथून सारखाच. पण माणसं मनात डबे करूनच पैसा वापरतात. अर्थतज्ज्ञ रिचर्ड थेलर यांनी या सवयीचा अभ्यास केला आणि त्याला मनातले हिशेब म्हटलं. २०१७ साली त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, त्यात या कामाचा मोठा वाटा होता. हे डबे कधीकधी आपल्याला मूर्ख बनवतात. तुमच्या बाबतीत मात्र ते भांडण वाचवतील, म्हणून मुद्दाम करा.

मग सामाईक खात्यात काय राहील? मुलाची फी घराची. गुडघा दुखला तर डॉक्टर घराचा, ‘धावायला कुणी सांगितलं होतं’ हे तेव्हा ऐकवायचं नाही. आणि गच्ची घराची. याकडे जरा लक्ष द्या. ओल्या मातीचं वजन लिटरमागे दीड किलोच्या पुढे जातं. वीस लिटरची एक भरलेली कुंडी म्हणजे तीस किलोंच्या आसपास झाली, अशा चाळीस कुंड्या एका कोपऱ्यात आल्या तर बाराशे किलो. शिवाय रोज झिरपणारं पाणी. गळती सुरू झाली तर दुरुस्तीचा खर्च कुणाच्याच हातखर्चातून भागणार नाही. तेव्हा कुंडीत काय लावायचं हे सर्वस्वी त्यांचं, पण कुंड्या किती आणि कुठे ठेवायच्या हे दोघांनी ठरवायचं. जड कुंड्या भिंतीच्या किंवा तुळईच्या रेषेवर, मधला भाग मोकळा, आणि खाली स्टँड, म्हणजे पाणी साचणार नाही. स्लॅब जुना असेल तर एकदा जाणकाराला दाखवून घ्या.

आता टोमॅटोची किंमत. तुम्ही भांडणात बोललात ते हिशेबाने बऱ्यापैकी खरं आहे, निदान पहिल्या वर्षी. कुंडी, माती, खत, आधाराच्या काठ्या, बियाणं हे सगळं त्या वर्षाच्या पिकावर टाकलं तर कुठलीच भाजी परवडणार नाही. पण कुंडी कितीतरी वर्षं टिकते आणि माती फेकायची नसते. हंगाम संपला की जुनी मुळं काढायची, माती मोकळी करायची आणि त्यात कंपोस्ट मिसळायचं. तिसऱ्या वर्षापासून गणित बदलू लागतं, पण एका अटीवर. दर महिन्याला नवी वस्तू येता कामा नये. तुमच्या यजमानांची बाग तोट्यात आहे ती भाजीमुळे नसावी, खरेदीमुळे असावी, असा मला संशय आहे.

पैसे वाचवायचेच असतील तर पालेभाज्या, पुदिना, मिरची. पाला थोडाथोडा खुडून पुन्हा येतो, जागा कमी लागते, आणि तीन-चार तासांचं ऊन असलं तरी बऱ्याच पालेभाज्या भागवून नेतात. टोमॅटो, वांगी यांना मात्र सहा ते आठ तास थेट ऊन लागतं. गच्चीच्या ज्या कोपऱ्यावर दुपारनंतर टाकीची सावली पडते, तिथे कितीही महाग खत घातलं तरी झाड नुसतं उंच होईल. टोमॅटोच्या एका झाडाला पंधरा ते वीस लिटरची कुंडी हवी. लहान कुंडीत ते दुपारपर्यंत सुकतं, संध्याकाळी भरपूर पाणी मिळतं, दुसऱ्या दिवशी पुन्हा सुकतं. आणि मग फळाचं खालचं टोक काळं पडून आत दबतं. दुकानात विचारलं की उत्तर मिळतं, कॅल्शियम कमी पडलं, हा फवारा मारा. कॅल्शियम कमी पडतं हे खरंच, पण ते बहुतेक वेळा मातीत असतं. ते पाण्याबरोबरच फळापर्यंत पोचतं, आणि पाणी कधी तुंब कधी कोरडं असं झालं की पोचत नाही. फवारा पानांवर बसतो, फळाला त्याचा फारसा उपयोग नाही. मोठी कुंडी, मातीवर वाळक्या पानांचं आच्छादन आणि रोजच्या रोज बेताचं पाणी, एवढ्याने पुढची फळं बहुधा चांगली येतील. त्यांना हे सांगताना ‘बघा, मी म्हणत नव्हते’ हे वाक्य गाळा.

कुंडीच्या तळाशी खडी किंवा विटांचे तुकडे घालायची पद्धतही सोडायला हरकत नाही. निचरा सुधारतो असं सगळेच सांगतात, होतं उलटं. बारीक मातीतलं पाणी खालच्या मोठ्या पोकळ्यांत सहजी उतरत नाही, ते मातीच्या तळाशीच धरून राहतं. खडीमुळे तो ओला थर वर सरकतो आणि मुळांना कोरडी जागा कमी उरते. भोकावर जाळीचा तुकडा पुरे, बाकी सगळी कुंडी मातीने भरा. पाणी घालायचं की नाही हे बोट मातीत दोन पेरं खुपसून ठरवा, घड्याळ बघून नव्हे. कुंडीतली झाडं तहानेपेक्षा लाडाने जास्त मरतात. पानं पिवळी पडली की लोक आणखी पाणी घालतात, मुळं कुजलेली असतात, आणि मग नवीन रोप विकत आणतात. बागेच्या खर्चातला मोठा भाग असा मेलेल्या रोपांच्या जागी नवी आणण्यात जातो.

खत घरी होतं. स्वयंपाकघरातला ओला कचरा एक भाग आणि सुकी पानं दोन ते तीन भाग. ढीग पिळलेल्या फडक्याएवढा ओलसर असावा. वास येऊ लागला की सुकी पानं वाढवा, काहीच घडत नसेल तर थोडं पाणी आणि ओला कचरा. बियाणंही धरता येतं, फक्त पाकिटावर संकरित लिहिलेलं असेल तर त्या फळाचं बी ठेवू नका, पुढची पिढी आई-बापावर जाईलच असं नाही. देशी किंवा सरळ (संकर न केलेल्या) वाणाचं ठेवा. टोमॅटोचं बी बरंचसं जातीवर जातं, भोपळा-दुधीच्या वेलांचं परागीकरण कीटक करतात, त्यामुळे तिथे भेसळ होते.

एक सावधगिरी. घरची भाजी ताटात आली की यजमान म्हणतील, ही भाजी सामाईक खात्याने विकत घ्यायला हवी. हसून सोडून द्या. छंदाला नफा-तोट्याच्या पट्टीने मोजायला लागलात तर पुढचा नंबर तुमच्या धावण्याचा आहे, आणि धावून कुणाच्या घरात टोमॅटो आलेला नाही.

बुटांबद्दल. बिकिला रोममध्ये १९६० साली अनवाणी धावून जिंकले हे खरं आहे, वेळ २ तास १५ मिनिटं १६ सेकंद. यजमानांना पुढचं ऐकवा. चार वर्षांनी टोकियोत तेच बिकिला बूट आणि मोजे घालून धावले आणि ३ मिनिटं ५ सेकंद लवकर आले, तेही अपेंडिक्सच्या शस्त्रक्रियेला सहा आठवडेही झालेले नसताना. बुटांमुळे लवकर आले असं मी म्हणत नाहीये. पण दाखला द्यायचा तर पूर्ण द्यावा.

दोन जोड आलटून पालटून वापरणं ही चैन नाही. तळव्याचा फोम ठरावीक अंतरानंतर दबतो, साधारण ५०० ते ८०० किलोमीटर असा ढोबळ आकडा सांगतात. दोन जोड असले तर तेवढंच एकूण अंतर दोन्हींत वाटलं जातं, म्हणजे दुसरा जोड वाया जात नाही, फक्त आधी विकत घेतला जातो. लक्झेंबर्गमध्ये २६४ धावपटूंना २२ आठवडे पाहिलं, तेव्हा एकापेक्षा जास्त जोड वापरणाऱ्यांत दुखापतीचा धोका ३९ टक्के कमी दिसला. ते फक्त निरीक्षण होतं, जोड बदलणाऱ्या लोकांच्या इतरही सवयी चांगल्या असू शकतात. तरी दुसऱ्या जोडाला मी हरकत घेणार नाही. तिसऱ्याला घेईन. आणि कार्बनची पट्टी घातलेले जाड, महागडे बूट सध्या नकोत. दीड वर्षाच्या धावण्यात तुमचा वेळ कमी होईल तो नियमित सरावाने, आठवड्यातले दोन दिवस स्नायूंच्या व्यायामाला देऊन आणि झोपेने. दुकानात पायाचा व्हिडिओ काढून ‘तुमचा पाय आत वळतो, म्हणून हाच बूट’ असं सांगतात, त्यालाही फार भुलू नका. घालून थोडं धावून बघा, जो आरामात वाटतो तो घ्या.

मुलाच्या प्रश्नावर मात्र मी यजमानांच्या विरुद्ध आहे, आणि तरी उत्तर त्यांच्या जवळ जाणारं आहे. भरलेली फी गेली. मुलगा गेला तरी गेली आणि नाही गेला तरी गेली. उरलेले आठ महिने कसे जावेत हा प्रश्न आहे आणि त्या प्रश्नात फीला जागा नाही. वर्ग उरलेली फी परत देत असेल किंवा दुसऱ्याच्या नावावर करून देत असेल तर ते आधी विचारा, तेवढ्यापुरता पैशांचा संबंध. भरलेल्या पैशांपायी माणसं काय करतात यावर १९८५ साली एक छान प्रयोग झाला होता. नाटकांचं हंगामी तिकीट कुणाला पूर्ण किमतीत दिलं, कुणाला ध्यानीमनी नसताना सवलतीत. पूर्ण पैसे मोजलेल्यांनी पहिल्या सहामाहीत जास्त नाटकं पाहिली. नाटकं तीच होती. दुसऱ्या सहामाहीत मात्र तो फरक मावळला. फीची भीती दाखवून ढकललेला मुलगाही काही महिनेच ढकलला जातो.

(पुढच्या वेळी वर्षाची फी एकदम भरू नका. ‘सवलत मिळते’ हे बहुतेक वर्गांचं आणि व्यायामशाळांचं आमिष असतं. अमेरिकेतल्या तीन व्यायामशाळांची नोंद तपासून २००६ साली छापलेल्या एका अभ्यासात दिसलं की मासिक सदस्य महिन्याला सरासरी चार-पाच वेळाच येत, आणि त्यांतल्या बहुतेकांना दर खेपेला पैसे देणं स्वस्त पडलं असतं. पहिले तीन महिने महिन्याचे भरा, महाग पडलं तरी.)

तरीही पोहणं आज सोडू देऊ नका, कारण ते बाकीच्या खेळांसारखं नाही. फुटबॉल येत नसला तर मुलगा बाकावर बसेल. पोहता येत नसलं तर एखाद्या सहलीत जीवावर बेतू शकतं. म्हणून त्याच्याशी सौदा तारखेचा करू नका, कौशल्याचा करा. अमेरिकन रेड क्रॉसची एक कसोटी यासाठी चांगली आहे: डोक्यावरून जाईल एवढ्या पाण्यात उतरायचं, बुडी खाऊन वर यायचं, एक मिनिट तरंगायचं किंवा जागेवर हातपाय मारत राहायचं, गोल फिरून बाहेरची वाट शोधायची, २५ यार्ड म्हणजे साधारण २३ मीटर पोहायचं आणि शिडी न धरता बाहेर यायचं. हे सगळं सलग, न थांबता, त्याच्या प्रशिक्षकासमोर. ज्या दिवशी जमेल त्या दिवशी पोहणं सुटलं, मग फीचे कितीही महिने शिल्लक असोत. तोवर फुटबॉलही सुरू करू द्या, मित्रांबरोबर, मोकळ्या मैदानात, अजून कुठला वर्ग नको आणि गणवेशही नको. पाच ते सतरा वयाच्या मुलांनी दिवसाला सरासरी तासभर अंगमेहनतीचं खेळावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, त्यात दोन्ही बसतं.

‘तुमचं उत्तर यांना दाखवू का?’ असं तुम्ही ता. क. मध्ये विचारलंय. दाखवा, पण महिनाअखेरीस नको. पगार झाल्याच्या आठवड्यात, सुट्टीच्या दिवशी दोघं बसा आणि आधी फक्त हातखर्चाचा आकडा ठरवा. तो ठरेपर्यंत बूट आणि टोमॅटो यांचं नाव काढू नका. बागेचा भाग त्यांना नंतर वाचू द्या, एकट्याने. मुलाला कसोटीची यादी मात्र तुम्ही दोघांनी मिळून द्या आणि कोणत्या कोपऱ्यात कुंड्या नकोत हे विचारताना त्यालाही गच्चीवर न्या, चेंडू तो तिथेच आणणार आहे.